कॉनी कसा आहे?

पुलावर समोरून प्रेतयात्रा आली, तेव्हा जेरोम कॉन्सिडाइनने सवयीने टोपी काढली आणि सवयीनेच पाठ फिरवली. त्याला जायचं होतं कोर्टाकडे, आणि प्रेत चाललं होतं बरोबर उलट, टेकडीवरच्या दफनभूमीकडे. पण कॅरिगमोरमध्ये वाटेत प्रेत भेटलं की माणूस आपलं काम सोडून वळतो आणि चार पावलं त्याच्यासोबत चालतो. मेलेला ओळखीचा असो नसो, आपल्या धर्मपंथाचा असो नसो. या हिवाळ्यात तापाची साथ अशी काही आली होती की कामाला निघालेला माणूस वळून वळून चालता चालता कामावर पोचेल की नाही याचीच शंका. नदीवरून धुकं वर येत होतं, त्याला डुकराचं मांस खारवण्याच्या कारखान्याचा आणि चुलींत जळणाऱ्या ओल्या पीटच्या ढेकळांच्या धुराचा वास होता. कॉन्सिडाइनच्या आतल्या खिशात उमेदवारीचा अर्ज होता आणि चालताना तो छातीशी कुरकुरत होता. बारा वाजेपर्यंत तो कोर्टात द्यायचा. पंचवीस-सव्वीस वर्षं हा अर्ज देणं म्हणजे निव्वळ गंमत असायची, पुढे बँड, मागे लोक. यंदा तो एकटाच चालत निघाला होता आणि आपण एकटे आहोत हे कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून जरा भराभर चालत होता. वळल्यावर त्याच्या शेजारी एक बाई आली, तीही वळलेली. काळी शाल, हातात दुधाचा डबा. होनोरा लेसी. पिंपं बनवणाऱ्या बॅटची बायको. तिच्या बापाच्या घरी ती परकर सावरत पळायची तेव्हापासून तो तिला ओळखत होता.

"कोण गं गेलं, होनोरा?"

"बेकरीवाल्यांची थोरली. माणसं आता रांगा लावून जायला लागलीत, मिस्टर कॉन्सिडाइन."

"देव तिला शांती देवो. बॅट काय म्हणतो?"

"त्याची पाठ धरलीय. पण आज पाठबिठ काही नाही. रविवारचा कोट चढवून सकाळीच कोर्टाकडे गेलाय, तुमच्यासाठी."

"अस्सल माणूस! आणि कॉनी? कॉनी कसा आहे?"

होनोराने शाल कपाळावर थोडी पुढे ओढली. तिचं पाऊल चुकलं नाही, डब्यातलं दूधही हिंदकळलं नाही.

"बरा आहे," ती म्हणाली. "चांगला आहे. तुमची आठवण काढतो."

"सांग त्याला, मी विचारत होतो म्हणावं."

"सांगते ना."

चार पावलं झाली. दोघांनी छातीवर क्रूस काढला, ती तिच्या गल्लीकडे गेली आणि तो पुन्हा कोर्टाकडे वळला. मनाला जरा ऊब आली होती. हेच त्याचं कसब होतं, दुसरं होतंच काय? भाषण त्याला कधी धड जमलं नाही. लंडनच्या पार्लमेंटात तो इतक्या वर्षांत मोजून काही वेळा बोलला असेल, तेही मासेमारीच्या धक्क्यावर आणि टपाल उशिरा येतं यावर. तिथे तो आयरिश बाकांवरचा एक दाढीवाला होता, हात वर करायला सांगितलं की वर करणारा. पण कॅरिगमोरमध्ये असं घर नव्हतं की ज्यातल्या माणसांची नावं त्याला येत नव्हती. त्याची आई दारूचं दुकान चालवायची. "गिऱ्हाइकाला ग्लास कुणीही भरून देईल रे," ती म्हणायची, "पण त्याच्या म्हातारीचा गुडघा कसा आहे हे तू विचार, म्हणजे तो दुसऱ्या दुकानात जायचा नाही." पोराने ते विचारायला सुरुवात केली आणि विचारता विचारता खासदार झाला. लंडनहून परतताना बोटीच्या डेकवर तो एकेक गल्ली मनात घ्यायचा आणि दारादारांतून जायचा, बायका जपमाळ ओढतात तसा. इथे म्हातारी, इथे जुळी, इथला थोरला अमेरिकेला, इथली धाकटी मठात. बंदर दिसेपर्यंत त्याचं अख्खं गाव म्हणून व्हायचं. बाकी राजकारण पक्षाच्या नेत्यांनी करावं. लोक मत द्यायचे ते त्या 'कसा आहे?'ला, हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि त्याची त्याला लाजही वाटत नव्हती. खरं तर त्याला अभिमान होता. लोक त्याला आवडायचे.

धक्क्यावर लोण्याची रिकामी पिंपं रचली होती. त्यांच्याकडे पाहताना त्याच्या मनात उगीच एक चामड्याचा ॲप्रन आला. ॲप्रन घातलेला एक पोरगा, हात वर केलेला. मग त्या पोराचं तोंड आलं, वरच्या दातांत फट असलेलं. मग तेच तोंड चौकटीत, काचेमागे, चौकटीच्या कोपऱ्याला काळी फीत. आणि कॉन्सिडाइन जागच्या जागी थांबला. मागून येणारा हातगाडीवाला "अहो, बाजूला!" म्हणून ओरडला, तरी त्याला हलता येईना. कॉनी लेसी मेला होता. फ्लँडर्समध्ये, लढाईवर, गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात. हे त्याला माहीत होतं! हे त्याला माहीत नव्हतं असं नाही, तो स्वतः लेसींच्या घरी गेला होता, त्या स्टुलावर बसला होता, होनोराचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाला होता, तुमच्या दुःखात मी सहभागी आहे. तिने केलेला केक खाल्ला होता. केकमध्ये ओव्याच्या जातीचं काहीतरी घातलेलं होतं तेसुद्धा आता आठवलं. मग हे मघाशी काय झालं? जीभ कशी उचलली? आणि त्याहून वाईट म्हणजे, ती म्हणाली, बरा आहे. तुमची आठवण काढतो.

पाय चालू लागले, पण आता त्यांना कुठे जायचं ते समजत नव्हतं. धक्क्याच्या टोकापर्यंत जाऊन तो परत फिरला. म्हातारपण, त्याने स्वतःला सांगितलं. एकसष्टी उलटली की होतं असं. पण इतर मेलेल्यांच्या बाबतीत तर असं कधी झालं नव्हतं. टेकडीवर पुरलेला एकूण एक माणूस त्याच्या डोक्यात मेलेला होता, आणि कधी विसरणं शक्यच नाही इतका मेलेला होता. कारण त्यांच्यामागून तो चालला होता. पाऊस असो, लंडनचं अधिवेशन असो, कॅरिगमोरमधलं प्रेत त्याने सहसा चुकवलं नाही. विरोधक चेष्टेने म्हणत, कॉन्सिडाइनला मत मिळायला घरात कुणीतरी मरायला हवं. प्रेताच्या मागे चालताना, बुटांना टेकडीचा चिखल लागताना त्या माणसाचं मरण त्याच्या पायांतून वर डोक्यात जायचं आणि तिथे बसायचं. कॉनीच्या मागून कोण चाललं होतं? कॉनीचं प्रेतच आलं नाही. पेटी नाही, घोडे नाहीत, पुलावर टोप्या काढणारे लोक नाहीत. तसली आणखी सात घरं त्याने त्याच आठवड्यात घोडागाडी भाड्याने घेऊन उरकली होती. उरकली, हाच शब्द. प्रत्येक घरात फोटो, प्रत्येक घरात चहा. पाय कुठे चिखलात गेलेच नाहीत. त्याच्या डोक्यात ती आठही पोरं अजून आपापल्या कामाला उभी होती. म्हणजे उद्या दुसऱ्या कुठल्या पुलावर तो आणखी कुणाच्या आईला विचारेल, कसा आहे? त्याच्या तळहाताला घाम फुटला. त्याने हात कोटाला पुसला आणि आतला कागद पुन्हा कुरकुरला.

आणि हात वर करणारा तो ॲप्रन इथेच, याच धक्क्यावर. त्यांनी लाकडी व्यासपीठ घातलं होतं, एकीकडे हिरवा झेंडा आणि दुसरीकडे इंग्रजांचा. हे असले दोन झेंडे शेजारी शेजारी पाहायची वेळ येईल असं त्याला तुरुंगात असताना कुणी सांगितलं असतं, तर त्याने त्या माणसाचं थोबाड फोडलं असतं. कूळकायद्याच्या दंग्यांत चार महिने आत काढले होते त्याने. त्या चार महिन्यांच्या पुण्याईवर तर पहिल्यांदा निवडून आला. पण स्वराज्याचं बिल पास झालं होतं! वीस-बावीस वर्षं ज्याच्यासाठी बोटीने जा-ये केली ते बिल पास झालं होतं, राजाची सही झाली होती, फक्त जर्मनीशी सुरू झालेली लढाई संपेपर्यंत थांबायचं होतं. ज्या दिवशी बातमी आली त्या संध्याकाळी तो स्टेशनवर उतरला, तर पोरांनी गाडीचे घोडे सोडले आणि स्वतः दांड्या धरून त्याला सगळ्या गावातून ओढत नेलं. दोन्ही बाजूंना मशाली. पुढे बँड, आणि बँडपुढे मोठा ढोल. तो ढोल कॉन्सिडाइननेच बँडला घेऊन दिलेला, आणि तो ढोल कॉनी लेसी वाजवत होता, दातांतली फट दाखवत, बोटांची सालं निघेपर्यंत. कॉन्सिडाइन गाडीत बसून रडला होता. लोकांना वाटलं, स्वराज्यासाठी. स्वराज्यासाठीही होतंच ते. पण खरं म्हणजे माणसं आपल्याला ओढताहेत, घोड्यांसारखी, हसत हसत, हे त्याला सोसवेना आणि सोडवेनाही. आपलं आयुष्य आता इथेच थांबावं, असं त्याला तेव्हा वाटलं होतं. थांबलं असतं तर किती बरं झालं असतं. मग तोच बँड धक्क्यावर आला आणि तो व्यासपीठावर उभा राहून म्हणाला, दिलेल्या शब्दाला जागलो तर इंग्रजही जागेल. इंग्रजांच्या पलटणीत कोण येतो? धड भाषण कधी न जमलेल्या माणसाला नेमकं ते भाषण जमलं. ढोल थांबला, कॉनीने काठ्या पट्ट्यात खोचल्या आणि हात वर केला.

ती 'बरा आहे' असं का म्हणाली? इथल्या लोकांच्या आदबीचा त्याला चांगला अनुभव होता. पाहुण्याने चहात मीठ घातलं तर हे लोक तो तसाच पितील, चेहरा बदलणार नाहीत. समोरच्याला खाली पाहायला लागू नये, इतकंच बघतील. म्हणजे दया होती ती? की टोमणा? 'तुमची आठवण काढतो' यातला काटा त्याला आत्ता बोचत होता. की तिला भ्रम झाला होता? नाही, डबा कसा सरळ धरला होता तिने. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. दूध तोंडावर ओतायचं होतं. विचार करता करता तो कोर्टाच्या पायऱ्यांशी पोचला, तेव्हा तिथे शिन फेनची, म्हणजे इंग्रजांशी साफ काडीमोड मागणाऱ्या नव्या पक्षाची, पोरं जमली होती, कोटाला तिरंगी फिती लावून. त्यांचा उमेदवार इंग्रजांच्या तुरुंगात होता, त्यामुळे अर्ज भरायला त्याला यावंही लागलं नव्हतं. तुरुंगात बसलेल्या माणसाशी लढणं किती कठीण असतं हे कॉन्सिडाइनला कुणी शिकवायला नको होतं.

"काय आजोबा, लंडनची बोट चुकली वाटतं?" एकाने हाक मारली.

"आणखी कुणाला भरती करायचं राहिलंय का? माझी आजी आहे, तिला नेता का?" दुसरा म्हणाला, आणि सगळे खिदळले.

फिल मेस्कल, त्याचा निवडणुकीचा कारभार पाहणारा जुना दोस्त, पायऱ्या उतरून धावतच आला. "अरे जेरोम, कुठे होतास तू? माझा जीव टांगणीला लागला! आत चल. हरणार तर आहोतच, पण लढून हरू. ह्या शेंबड्यांना फुकट कशाला द्यायचं?" त्याच्या मागे बॅट लेसी उभा होता, रविवारच्या कोटात, पाठीतून किंचित वाकलेला. अर्जावर सूचक म्हणून त्याचंही नाव होतं. टोपी हातात धरून तो पुढे झाला. बॅट मुळात अबोल माणूस. हातोडी आणि पिंपाचे पट्टे यांच्या आवाजात आयुष्य गेल्यावर बोलायची सवय राहत नाही. आज मात्र त्याने तोंड उघडलं.

"तुम्ही उभे राहताय, फार बरं झालं, मिस्टर कॉन्सिडाइन. हे लोक म्हणतात, आमचा पोरगा इंग्रजांसाठी मेला. तुम्ही उभे आहात तोवर मला त्यांना सांगता येतं, की नाही बाबांनो, स्वराज्यासाठी गेला. खुद्द जेरोम कॉन्सिडाइनने सांगितलं होतं त्याला."

कॉन्सिडाइनने त्याचा हात हातात घेतला. या हाताच्या सहीचा कागद त्याच्या खिशात होता, आणि या हाताचा मुलगा मेलाय हे अर्ध्या तासापूर्वी तो साफ विसरला होता. "फिल," तो म्हणाला, "मी आलोच. एका घरी जाऊन येतो."

"आत्ता? मत मागायला? अरे, त्यांना आधी उमेदवार तर दिसू दे!"

"आलोच म्हटलं ना."

"बारा वाजतील, जेरोम!" फिलचा आवाज चिरकला. पोरांनी त्याची नक्कल केली, बारा वाजतील, बारा वाजतील. कॉन्सिडाइन तोपर्यंत रस्ता ओलांडून गेला होता. माफी मागायची आणि यायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. तेवढं केल्याशिवाय तो कागद त्याला टेबलावर ठेवता आला नसता. पूल आला, धुकं विरलं होतं, नशिबाने यावेळी प्रेत नव्हतं. त्याला धाप लागली. वाटेत एका दारातून कुणीतरी "कसे आहात?" म्हणालं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने उलटा प्रश्न केला नाही. न जाणो.

लेसींचं दार अर्धं उघडंच होतं. होनोरा चुलीशी बसून बटाटे सोलत होती. तिने वर पाहिलं आणि जणू तो येणारच होता अशा बेताने पायाने स्टूल पुढे ढकललं. तेच स्टूल. फोटो चुलीवरच्या फळीवर होता, काळ्या फितीसकट. त्याखाली खिळ्याला ढोलाच्या दोन काठ्या टांगलेल्या. कॉन्सिडाइन बसला नाही. टोपी हातात फिरवत तो म्हणाला, "होनोरा, मघाशी मी... माझ्या हातून फार वाईट झालं. मला माहीत होतं. देवाशपथ माहीत होतं. मी या इथे बसलो होतो. आणि तरीही..."

"बसा तरी. केवढी धाप लागलीय तुम्हाला."

"तू मला बोललीस का नाही? चारचौघांत बोलायचंस. मी त्याच लायकीचा आहे."

तिने सुरी खाली ठेवली. "बोलणारच होते," ती म्हणाली. "तोंडापर्यंत आलं होतं. मग तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही खरंच विचारत होतात. बाकी सगळी माणसं त्याचं नाव आलं की आवाज खाली आणतात. बॅट तर नावच घेत नाही, स्वराज्याचंच काय ते बोलतो. फादर म्हणतात, तो देवाजवळ आहे. आणि पुलावर तुम्ही मोठ्यांदा विचारलंत, कॉनी कसा आहे. मला वाटलं, अगंबाई, या एका डोक्यात तो अजून धडधाकट हिंडतोय! त्याला कुणीच काही सांगितलेलं नाही. मी कशाला सांगू? म्हटलं, असू दे तिथे."

कॉन्सिडाइन स्टुलावर बसला. "मी अर्ज भरायला निघालोय," तो म्हणाला, काहीतरी बोलायचं म्हणून. "बॅट तिथे उभा आहे. तो म्हणतो, मी उभा राहिलो तर कॉनी..."

"बॅटला तो गेल्याचं काहीतरी मोल हवंय. पुरुषाचं तसंच असतं. मला मोल नकोय, मिस्टर कॉन्सिडाइन. मला पोरगा हवाय." ती रडली नाही. तिने एक बटाटा उचलला, त्याचा डोळा काढला आणि तो पाण्यात टाकला. "तुम्ही उभे राहा नाहीतर राहू नका. मला त्यातलं काही कळत नाही, आणि यंदा बायकांनाही मत दिलंय म्हणतात, तेही मला काय करायचंय. पण आलाच आहात तर एक करा. पुन्हा विचारा."

"काय?"

"मघाशी विचारलंत तसं. पण तेव्हा चारच पावलं होती, मला धड सांगता आलं नाही."

त्याने फोटोकडे पाहिलं नाही. फोटोकडे पाहिलं असतं तर तोंडातून शब्द निघाला नसता. त्याने तिच्याकडे पाहिलं, टोपी मांडीवर ठेवली आणि सगळ्या आयुष्यात हजारो दारांत जे विचारलं होतं ते विचारलं. फक्त यावेळी त्याला ते विचारताना घाम फुटला.

"कॉनी कसा आहे, होनोरा?"

"बरा आहे," ती म्हणाली. "चांगलाच अंगाने भरलाय. बापाच्या हाताखाली पाच वर्षं झाली, आता पिंपं तोच बघतो, बॅट नुसता बसून चुका काढतो. सुतारांच्या एलीच्या घरावरून जरा जास्तच येणं-जाणं चाललंय. मी काही बोलत नाही. सकाळी उठवायचं म्हणजे मात्र दिव्य, गादीसकट ओढावं लागतं. कोट कुठेही टाकतो. आणि भूक! ही एवढी पाटी मी कुणासाठी सोलतेय?" कॉन्सिडाइन ऐकत होता. मध्येच "एली कोणती, लाल केसांची?" असं त्याने विचारलं आणि ती म्हणाली, "तीच तर!" आणि दोघंही हसले. घड्याळ कुठेतरी वाजलं असावं. खिशातला कागद कुरकुरला, तसा त्याने त्याच्यावर हात ठेवला आणि हात तिथेच राहू दिला. फिल आता शिव्या देत असेल. बॅट पायऱ्यांवर उभा असेल, टोपी हातात घेऊन, आणि पोरांना काय सांगायचं ते त्याला कळत नसेल. संध्याकाळी त्याच्यासमोर जाऊन उभं राहावं लागेल, आणि तिथे कुठलंही कसब कामाचं नव्हतं. पण आत्ता तो उठला नाही. होनोरा सांगत होती, सांगता सांगता तिचे गाल लाल झाले होते, आणि तिला मध्येच तोडणं त्याला जमण्यासारखं नव्हतं.

मग पुलाच्या बाजूने गलका आला. आरोळ्या, आणि आरोळ्यांमागून बँड. अर्ज एकच आला होता, तुरुंगातल्या माणसाचा. मत न पडताच निकाल लागला होता. सूर नवा होता, पण ढोल तो ओळखत होता. त्याचाच ढोल, त्यानेच घेऊन दिलेला. आवाज पूल ओलांडून गल्लीच्या तोंडाशी आला तशा फळीवरच्या बश्या थरथरल्या आणि खिळ्याच्या काठ्या भिंतीवर हलक्याशा आपटल्या. होनोरा बोलायची थांबली. मान कलती करून तिने जरा वेळ ऐकलं आणि नाक मुरडलं.

"कोण वाजवतंय कोण जाणे," ती म्हणाली. "हात फार जड आहे. आमच्या कॉनीचा हात हलका आहे."

"हो," कॉन्सिडाइन म्हणाला. "हलका आहे."